मखमलीची साथ

माझ्या बायकोला गल्लीत सगळे 'डॉक्टरीणबाई' म्हणत, आणि त्यात निम्मी चेष्टा असे. सेनायदा डॉक्टर नव्हती. तीस वर्षं तिने सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त आणि लघवी तपासली. निवृत्त झाल्यावर घरात बसवेना म्हणून माशांकडे वळली. आमच्या कामाग्वे गावात माशांचं वेड जुनंच आहे. ज्याच्या घरात पंखा धड फिरत नाही त्याच्याही पुढच्या खोलीत काचेची टाकी असते, जुन्या खिडक्यांच्या काचा कापून जोडलेली. अशा कितीतरी टाक्या मीच चिकटवून दिल्यात. माझा धंदा पंक्चरचा. दाराशी एक स्टूल, पाण्याचं घमेलं, हातपंप आणि ट्यूबांचा ढीग.

कुणाचा मासा तळाशी बसून राहिला, कुणाचं पोट फुगलं, कुणाच्या शेपटीला बुरशी आली, की सेनायदाला बोलावणं यायचं. ती कॅनव्हासची पिशवी सायकलला अडकवून निघायची. पिशवीत मिठाची पुडी, मिथिलिन ब्लूची बाटली, मोरचुदाचं पाणी, थर्मामीटर, छोटी जाळी आणि टाकीतली घाण ओढून घ्यायची रबरी नळी. पैसे घ्यायची नाही. कुणी अंडी द्यायचं, कुणी कॉफी पाजायचं. परत आली की मला सगळं सांगायची, कोणाच्या माशाला काय झालं आणि कोणाच्या नवऱ्याला.

त्या वर्षी एप्रिलमध्ये ओदालिसचा फायटर मासा आजारी पडला. ओदालिस आमच्यापासून दोन घरं सोडून केस कापायचं काम करते. ती कात्री हातात घेऊनच आली.

"सेनायदा, माझ्या माशाच्या अंगावर कुणीतरी सोन्याची भुकटी शिंपडल्यासारखं दिसतंय. सुंदर दिसतोय गं, पण जेवत नाही."

"सुंदर दिसतोय ना, तेच वाईट," सेनायदा म्हणाली.

तिने टॉर्च तिरका धरून पाहिलं. मासा पर मिटून, कल्ले भराभर हलवत वर तरंगत होता, मधूनच दगडाला अंग घासत होता. या रोगाला आमच्याकडे मखमल म्हणतात. डोळ्यांना दिसणार नाही इतका बारीक किडा माशाच्या कातडीला चिकटतो आणि कातडी मखमलीसारखी चमकायला लागते. किडा अर्धा वनस्पतीच्या जातीचा, त्याला उजेड लागतो. म्हणून टाकीवर घोंगडी टाकायची, पाणी थोडं गरम ठेवायचं, मीठ घालायचं आणि मोरचूद थेंब मोजून द्यायचं. एक थेंब कमी पडला तर किडा मरत नाही, एक जास्त झाला तर मासा मरतो.

ओदालिसचा फायटर वाचला. पण दहा दिवसांतच आणखी दोन घरांतून बोलावणं आलं, पुढच्या आठवड्यात पाच. मे उजाडेपर्यंत अशी अवस्था झाली की गल्लीतून जाताना ज्या खिडकीत डोकवावं तिथे घोंगडीखाली झाकलेलं काहीतरी. माझ्या दुकानाशी माणसं टायर घेऊन यायची आणि आधी मासा कसा मेला ते सांगायची.

सेनायदाचं जेवणात लक्ष उडालं. भाताच्या ताटात चमचा तसाच धरून बसायची.

"हे कुठून येतंय, आन्सेल्मो? कुणी नवीन मासे आणलेले नाहीत. मी प्रत्येकाला विचारलं."

"माशांना विचार."

"चेष्टा नको. सगळ्या घरांत सारखं काय आहे?"

सगळ्या घरांत सारखे होते ते सातुर्निनोचे किडे. सातुर्निनो गावाबाहेरच्या ओढ्यात गुडघाभर चिखलात उभा राहून माशांच्या खाण्याचे लाल किडे काढतो आणि कागदाच्या पुड्यांतून विकतो. वय सत्तरीच्या आसपास, बोलायला कमी. रविवारी सकाळी बागेत माशांच्या शौकिनांचा बाजार भरतो. कुणी बाटलीत गप्पी आणतं, कुणी बरणीत गोल्डफिश. तिथे त्याची जागा ठरलेली असते, बाकाच्या टोकाला. त्या रविवारी सेनायदा त्याच्यासमोर उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सातुर्निनो, तुमचे किडे घाण पाण्यातले आहेत. साथ तुमच्या पुड्यांतून पसरतेय. महिनाभर विकू नका, आणि कुणी घेऊ नका."

सातुर्निनोने तिच्याकडे पाहिलं, पुड्या टोपलीत भरल्या आणि निघून गेला. डॉक्टरीणबाईचा शब्द. कुणी एक पुडी घेतली नाही.

त्यानंतर तिला बरं वाटायला हवं होतं. पण साथ काही थांबली नाही. "त्या ओढ्याचं पाणी अजून टाक्यांत असेल," ती म्हणायची, आणि पुन्हा सायकल काढायची.

मेच्या मध्यावर एर्मिनियोचा निरोप आला. आजारपणाचा नव्हे, आनंदाचा. एर्मिनियो रेल्वेच्या कारखान्यात फिटर होता. बायको गेल्यापासून एकटाच राहतो. त्याच्याकडे डिस्कस माशांची एक जोडी होती, जेवायच्या बशीएवढे गोल, निळ्या रेघांचे. तीन वर्षं त्याने त्या जोडीची पिल्लं व्हावीत म्हणून जीव टाकला. अकरा वेळा मादीने अंडी घातली आणि अकरा वेळा नराने ती खाल्ली. पण बाराव्या वेळी अंडी फुटली आणि पिल्लं आईबापाच्या अंगाला चिकटली. डिस्कसची पिल्लं सुरुवातीला बाहेरचं काही खात नाहीत. आईबापाच्या कातडीवर सुटणारा चिकट पदार्थ चाटून वाढतात.

सेनायदा त्या दिवशी सकाळी दोन आजारी टाक्या पाहून तशीच तिकडे गेली. मीही गेलो, कारण असं काही मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. टाचणीच्या टोकाएवढी पिल्लं मादीच्या दोन्ही बाजूंना ढगासारखी लटकली होती. मादी थकली की एक झटका द्यायची, आणि सगळा ढग नराकडे जायचा. एर्मिनियो नुसता खुर्ची पुढे-मागे करत होता. सेनायदाने पाण्यात थर्मामीटर सोडला, तळाची घाण नळीने हळूच ओढून घेतली आणि म्हणाली, "छान चाललंय. हात लावू नकोस कशाला."

आठ दिवसांनी तो दुकानाशी आला. सायकल नव्हती, चालतच आला होता.

"आन्सेल्मो, ती घरात आहे का? मादी टाकीतल्या पाइपला अंग घासतेय."

सेनायदा आत स्वयंपाकघरात होती. तिने ऐकलं. मला वाटलं धावत बाहेर येईल. ती आली नाही. मी आत गेलो तर टेबलापाशी तिची वही उघडी होती. कुठल्या दिवशी कुणाकडे गेले, काय दिलं, हे ती त्यात लिहायची, लॅबची सवय. बोट ठेवून एकेक ओळ खाली जात होती.

"एर्मिनियो थांबलाय," मी म्हटलं.

"त्याला सांग टाकी झाक, मी तासाभरात येते." आणि मग, मान वर न करता, "त्याने सातुर्निनोकडून किडे कधीच घेतले नाहीत. तो बैलाचं काळीज किसून घालतो."

मी निरोप सांगितला. परत आलो तर ती मागच्या दारात उन्हात बसली होती. तिच्या लॅबने टाकून दिलेला एक सूक्ष्मदर्शक आमच्याकडे आहे. त्याला दिवा नाही, आरसा आहे, उन्हाकडे वळवावा लागतो. तिने पिशवीतली नळी काढली. नळी आतून ओलीच असायची, गुंडाळून पिशवीत कोंबलेली. तिने ती बशीवर पिळली, आतला बुळबुळीत थर नखाने काढला आणि काचेवर लावला. बराच वेळ पाहत राहिली. काच बदलली. पुन्हा पाहिलं.

"ये, बघ."

मी वाकलो. करड्या गोल उजेडात काही गोल दाणे पडले होते आणि त्यांच्यामधून बारीक ठिपके इकडून तिकडे पळत होते.

"काय आहे हे?"

"हे मी घरोघर वाटत फिरले ते."

ती वही घेऊन आली. ओदालिसच्या फायटरनंतर तिने ज्या घरात पाय ठेवला, त्या घरात आठ-दहा दिवसांत मखमल आली होती. कुठे पोट फुगलं म्हणून गेली, कुठे बुरशीसाठी, तिथेही. जिथे ती गेलीच नाही तिथे काही नव्हतं. ओदालिसकडे पहिल्यांदा कुठून आली देव जाणे. पुढे मात्र तिच्या सायकलवरून गेली.

मी तिला म्हटलं ते मला आता सांगायला लाज वाटते. म्हटलं, "कुणाला कळणार आहे? नळी उकळून घे. साथ आपोआप संपेल. गप्प बस."

"आणि सातुर्निनो?"

"त्याची गिऱ्हाइकं परत येतील. माणसं विसरतात."

"म्हाताऱ्या," ती म्हणाली, "ट्यूबमधला काटा काढल्याशिवाय तू ठिगळ लावतोस का?"

 ती आधीच चपला घालत होती. पिशवी घेतली नाही.

एर्मिनियोने दार उघडलं तेव्हा तिने उंबऱ्यावरूनच सांगितलं. काही झाकलं नाही, काही लांबवलं नाही. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "तीन वर्षं."

"हो."

"तुझे हात माझ्या पाण्यात नकोत, सेनायदा. घरातही येऊ नकोस." आणि दार लावून घेतलं.

आमच्याकडच्या घरांना रस्त्यावर उघडणाऱ्या उंच खिडक्या असतात, लोखंडी गज लावलेल्या. ती खिडकीपाशी गेली. आतली टाकी तिथून हातभर अंतरावर होती.

"एर्मिनियो, मोरचुदाने मोठे मासे वाचतील, पण पिल्लं मरतील. पिल्लं आजच वेगळी काढावी लागतील. उद्या काढायला काही राहणार नाही."

"दुसऱ्या कुणाला तरी विचारेन."

"विचार. तोवर आन्सेल्मोला आत घे. त्याने आजवर कुणाच्या पाण्यात हात घातलेला नाही."

आत कडी सरकली. मग दार उघडलं, माझ्यापुरतं.

असा मी माशांच्या धंद्यात शिरलो. तिने बाहेरून सांगायचं आणि मी आतून करायचं. कपड्याच्या साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. एर्मिनियोने पांढरा एनॅमलचा टब घासून आणला, कालपासून भरून ठेवलेलं स्वच्छ पाणी घातलं, ऊब जमवली. मग कपाने एकेक पिल्लू काढायचं, आणि तीन वाडग्यांतून एकामागून एक फिरवून टबात सोडायचं. अंगाला चिकटलेली जमेल तेवढी घाण मागे राहावी म्हणून. माझी बोटं पंक्चरच्या सोल्यूशनने काळी आणि जाड झालेली. पहिलं पिल्लू कपाच्या कडेला चिरडलं.

"अरे, हे टायर नाही," एर्मिनियो म्हणाला.

"तूच कर मग."

"माझा हात थरथरतोय."

"आन्सेल्मो, कप आधी पाण्यात बुडवून धर, पिल्लू आपोआप येईल," खिडकीतून आवाज आला.

चौऱ्याऐंशी पिल्लं टबात आली. खायला काय? सेनायदाने सांगितलं, अंड्याचा पिवळा बलक उकडून, कुस्करून, घट्ट लेप टबाच्या कडेला पाण्याच्या रेषेवर फासा. आईची कातडी समजून चाटतील, नाहीतर नाही. दर तीन तासांनी लेप नवा, पाणी निम्मं बदलायचं. पहिले चार तास एकही पिल्लू कडेला फिरकलं नाही. ती सगळी टबाच्या मधोमध घोळका करून फिरत राहिली, जणू कुणाची वाट बघतायत. संध्याकाळच्या आधी एकाने कडेला तोंड लावलं, मग आणखी दोघांनी.

"विचार तिला, बलकात मीठ घालू का," एर्मिनियो मला म्हणाला. सेनायदा त्याच्यापासून एका हाताच्या अंतरावर, गजांपलीकडे उभी होती.

"त्याला सांग, नको," ती मला म्हणाली.

असं तीन दिवस चाललं. मी मध्ये उभा राहून दोन्ही बाजूंना मान वळवत होतो. ओदालिसने तिच्यासाठी फूटपाथवर खुर्ची आणून ठेवली, पण ती बसायची कमी. खिडकीपासून कोपऱ्यापर्यंत जायची, परत यायची. येणारे-जाणारे विचारायचे, काय झालं, कोण आजारी आहे? ती प्रत्येकाला सांगायची, काय झालं आणि कुणामुळे. काहीजण मान हलवून पुढे जायचे. एकाने, ज्याचे सगळे गोल्डफिश गेले होते, तिथेच रस्त्यात तिला पाच मिनिटं शिव्या घातल्या. ती ऐकत उभी राहिली, तो थांबल्यावर म्हणाली, "तुमच्या टाकीत अजून असेल. वाळू उकळून घ्या."

दुसऱ्या दिवशी अकराला वीज गेली. मोठ्या टाकीचा हवेचा पंप थांबला. मोरचूद घातलेल्या पाण्यात आजारी माशांना आधीच श्वास पुरत नव्हता, ते दोघे वर येऊन तोंडं उघडायला लागले. इथे मात्र मला कुणी सांगावं लागलं नाही. दुकानातून सहा ट्यूब आणल्या, हातपंपाने टच्च भरल्या, झडपेला पातळ नळी लावली आणि दोऱ्याने इतकी आवळली की हवा केसाएवढी सुटत राहील. एक ट्यूब सव्वा तास चालायची. मी पंप मारत राहिलो, एर्मिनियो दोरे बांधत राहिला. वीज आली तेव्हा साडेचार वाजले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मादी मेली. एर्मिनियोने तिला तळहातावर घेऊन बाहेर काढलं. मेल्यावरही अंगावर ती सोनेरी चमक होतीच. तो खिडकीपाशी आला आणि त्या तीन दिवसांत पहिल्यांदा तिच्याशी थेट बोलला.

"झालं समाधान?"

सेनायदा गजांपासून मागे सरली.  रात्रीचं जेवण तिने तसंच ठेवलं. दुसऱ्या दिवशी सहा वाजता पुन्हा त्या खिडकीपाशी होती, आणि टबाचं पाणी थोडं थंड झालंय, असं मला सांगत होती.

शनिवारी ती सातुर्निनोकडे गेली. मला चल म्हणाली नाही, पण मी गेलो. तो अंगणात परातींवर वाकला होता. परातींत लाल किड्यांचे गोळे, वरून नळाचं पाणी थेंब थेंब.

ती म्हणाली, "सातुर्निनो, चूक माझी होती. साथ माझ्या नळीतून पसरली. तुमच्या किड्यांत काही नव्हतं."

तो पाण्याचा नळ थोडा कमी-जास्त करत राहिला. "दोन आठवडे ओढ्यात उभा राहून काढलेलं सगळं मी बदकांना घातलंय," तो म्हणाला. "बदकं खूश आहेत."

"मला माफ करा."

"इथे कशाला सांगतेस, पोरी? इथे मी आणि बदकं. तू मला म्हणालीस ते बागेत, सगळ्यांसमोर, मोठ्याने."

"उद्या येते."

"तशीच मोठ्याने."

त्या रात्री ती झोपली की नाही मला माहीत नाही. मला जाग आली की तिची जागा रिकामी दिसायची. सकाळी तिने तिचा लॅबमधला पांढरा सदरा इस्त्री करून घातला, आणि मग काढून ठेवला, नेहमीचा घातला.

बागेत चाळीसएक माणसं होती. सातुर्निनो त्याच्या बाकाच्या टोकाला येऊन बसला होता, समोर पुड्या मांडून, एकटा. सेनायदा त्याच्या शेजारी उभी राहिली.  ती तशीच मोठ्याने बोलली. कुठल्या दिवशी कुणाच्या घरी गेली, तिथून कुठे, नळी कशी ओली राहिली, काचेखाली काय दिसलं. लॅबमधला रिपोर्ट वाचावा तसं. शेवटी म्हणाली, "सातुर्निनोचे किडे स्वच्छ आहेत. मी त्यांच्याबद्दल खोटं बोलले, माहीत नसताना बोलले. आणि ज्यांचे मासे गेले ते माझ्यामुळे गेले."

कुणीतरी मागून म्हणालं, "आता डॉक्टरच्या डॉक्टरकडे जायचं का?" थोडे हसले. एक बाई रडत होती, तिच्या मुलीचा मासा होता. एकाने विचारलं, मग आता करायचं काय, आणि ते विचारल्यावर सगळे तेच विचारायला लागले. ती सांगत राहिली. घोंगडी किती दिवस, मीठ किती, वाळू उकळायची की टाकायची. तासभर कुणी तिला सोडलं नाही. सातुर्निनोच्या पुड्या दुपारपर्यंत संपल्या. शेवटची त्याने तिच्या हातात दिली. "घे. तुझ्या घरात मासे नाहीत, मला ठाऊक आहे. तरी घे."

जूनअखेर साथ आटोक्यात आली. टबातली सदतीस पिल्लं वाचली आणि नरही वाचला, एका डोळ्यावर पांढरा डाग घेऊन. सेनायदा महिनाभर कुणाकडे गेली नाही. लोक बरणीत पाणी आणि मासा घेऊन दाराशी यायचे, ती बरणीबाहेरूनच पाहायची. मग हळूहळू पुन्हा जायला लागली, पण तिचा नवा नियम होता. ज्याची टाकी त्याची नळी, त्याची जाळी, त्याचाच हात. तिने फक्त बघायचं आणि सांगायचं. अर्ध्या वाटेत ती सायकल थांबवायची, पिशवीत काही ओलं राहिलं नाही ना बघायला. मी एकदा हसलो. दुसऱ्यांदा हसलो नाही.

ऑगस्टमध्ये एर्मिनियो मागचं चाक घेऊन माझ्या दुकानाशी आला. मी काटा शोधत असताना सेनायदा कॉफी घेऊन बाहेर आली. त्याने कप घेतला.

"पिल्लं नाण्याएवढी झालीत," तो म्हणाला. चाकाकडे बघत.

"काळीज खातात?"

"खातात. नराला एक मादी मिळालीय. त्याला आवडत नाही."

"नवी मादी वेगळी ठेवलीस का आधी?"

"तीन आठवडे. मी काय मूर्ख आहे?" तो थोडा थांबला. "आता सोडणार आहे एकत्र. बघायला यायचं तर ये. बघायला."

ती गेली, हात पाठीमागे बांधून टाकीसमोर उभी राहिली. दोघं तासभर भांडले, नर तिला हाकलतोय की तिच्याभोवती फिरतोय यावरून. येताना ती माझ्याबरोबर सायकल हातात धरून चालत राहिली.

ओदालिसला त्याने दोन पिल्लं दिली, सातुर्निनोला एक. आम्हाला दिलं नाही, आणि सेनायदाने मागितलं नाही.